पाठ दुखतेय, बसून चालवायचा लॉनमोवर घेऊ का?

वाचकाचं पत्र थोडक्यात असं. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले ५८ वर्षांचे एक गृहस्थ मुंबईतली नोकरी संपवून गावच्या घरी परत आलेत. घराभोवती साधारण २,८०० चौरस मीटर जागा, त्यात पुढे नऊशेक मीटर सपाट हिरवळ, बाजूला माडांचं भाट, मागे उतारावर काजू. पाठीत एल-४ आणि एल-५ या कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकलेली आहे, ऑपरेशन केलेलं नाही. ग्रास कटर खांद्याला लावला की दुसऱ्या दिवशी उठवत नाही, आणि गवत काढायला नेहमी यायचा तो माणूस आता थकलाय. मुलगा अमेरिकेत ओहायोला असतो, त्याच्याकडे गेले असताना यांनी बसून चालवायचा रायडिंग मोवर चालवून बघितला आणि तो एकदम आवडला. मुलगा म्हणतो पैसे मी देतो, झिरो-टर्न, म्हणजे जागच्या जागी फिरणारा, घ्या. यांना स्वतःला छोट्या ट्रॅक्टरसारखा स्टिअरिंगवाला बरा वाटतो. बायको म्हणते काहीच घेऊ नका, कंत्राटावर द्या. ते लिहितात, "गाडीने पणजीला पोचेपर्यंत डावा पाय जड होतो, सकाळी चालायला जातो तेव्हा मात्र काही त्रास नसतो. तर पाठीला सगळ्यात सोपं मशीन कुठलं? आणि खरं सांगायचं तर आपल्याच जागेत दुसरा राबतोय आणि आपण व्हरांड्यात बसून बघतोय, हे मला जमत नाही."

नमस्कार भाऊ,

मॉडेलांवर नंतर येते. आधी तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही बहुतेक सहज लिहून गेलात. गाडीने पणजीला जाईपर्यंत पाय जड होतो आणि चालताना काही होत नाही. म्हणजे तुमची पाठ बसल्यावर कुरकुरते, चालल्यावर नाही. आणि जे मशीन घ्यायला निघालाय ते बसून चालवायचं आहे! गाडीला निदान शॉकअप असतात, खाली डांबरी रस्ता असतो. बहुतेक रायडिंग मोवरना मागच्या चाकांवर सस्पेन्शनच नसतं, चाक खड्ड्यात गेलं की तो धक्का सीटमधून सरळ माकडहाडापासून वर जातो.

आपल्याकडे "बसून काम" म्हटलं की पाठीला आराम असं धरूनच चालतात सगळे. दुकानदारही तेच सांगतो, मुलगाही तेच सांगतो, आणि त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. पण पाठ वाईट म्हणजे कशी वाईट, हे कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते सगळा निर्णय तिथेच आहे.

पाठींचे ढोबळमानाने दोन प्रकार सांगते, कारण हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही उपयोगी पडेल. एक तुमच्यासारखी, गादीची. पुढे वाकलं, बराच वेळ बसलं, गाडीत हादरे बसले की दुखतं आणि पायात उतरतं, उठून चार पावलं चाललं की हलकं वाटतं. दुसरी पाठ साठीच्या पुढे जास्त दिसते, मणक्यातली नळी अरुंद होते, स्पायनल स्टेनोसिस म्हणतात तिला. त्या माणसाला उभं राहिलं किंवा थोडं चाललं की पाय भरून येतात आणि खाली बसून जरा पुढे वाकलं की बरं वाटतं, बाजारात जाताना दर थोड्या अंतरावर कुठेतरी टेकावं लागतं. या दुसऱ्या माणसाला बसून चालवायचा मोवर खरंच उपयोगी पडतो. गुडघे गेलेल्यांनाही पडतो. तुम्ही पत्रात जे लिहिलंय त्यावरून तुम्ही पहिल्यातले दिसता, तरी एकदा फिजिओथेरपिस्टला हाच प्रश्न सरळ विचारा की मला बसणं जड की चालणं. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, किंवा म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात दाखवता येईल. जुना एमआरआय बरोबर न्या, आणि नुसतं "पाठ दुखते" न सांगता गवत कापायचं मशीन घ्यायचंय, त्यावर अर्धा तास हादरे खात बसावं लागेल, असं स्पष्ट सांगा, म्हणजे उत्तरही स्पष्ट मिळेल.

बसण्याबद्दल अजून एक. स्वीडनचे डॉक्टर आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसाच्या मणक्यातल्या गादीत सुई घालून दाब मोजला होता, त्यात टेका न घेता बसल्यावरचा दाब उभं राहण्यापेक्षा जास्त निघाला. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्म इथल्या मोजणीत दिसलं की मागे रेलून सैल बसलं तर तो दाब उभं राहण्यापेक्षा कमीसुद्धा असतो. म्हणजे बसणं वाईट असं सरसकट नाही, पाठीला टेका आहे की नाही आणि पुढे झुकून बसताय की मागे रेलून, यावर ते ठरतं. आता स्वतःला मोवरवर डोळ्यांसमोर आणा. माडाच्या बुंध्याला ब्लेड लागेल म्हणून पुढे वाकून बघताय, रिव्हर्स घेताना कमरेतून वळून मागे बघताय, वर हादरे चालूच. हादऱ्यांचंही एक गणित आहे, बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होणाऱ्या वरखाली हालचालीला सगळ्यात जास्त साथ देतो, आणि ओबडधोबड जमिनीवर चालणाऱ्या गाड्यांचे हादरे बरेचदा त्याच टप्प्यात येतात. रिकाम्या टेम्पोच्या हौद्यात बसून कच्च्या रस्त्याने जावं तसं होतं ते.

तुम्ही म्हणाल की ओहायोला तर काही झालं नाही. बरोबर आहे, आणि ते तुम्हाला आवडलं यात नवल नाही. पण तिथली जमीन आठवून बघा, रोलर फिरवलेली, मुळात हिरवळ म्हणूनच तयार केलेली, गवत दर आठवड्याला कापलेलं, आणि पाहुणा म्हणून तुम्ही असे किती वेळ बसला असाल? तुमच्या जागेत माडांची आळी आहेत, पाणी जायचे चर आहेत, घुशींची बिळं असणार, आणि जांभ्याचा दगड कुठे डोकं वर काढेल ते गवत वाढल्यावर दिसत नाही. मोवरवर बसल्यावर खड्डा दिसला नाही तर अंगाला आधी तयारी करायला वेळच मिळत नाही, आणि गादीवाल्या पाठीला असा अचानक धक्का सगळ्यात वाईट.

त्यात आपला पाऊस. गवत सगळ्यात जोरात वाढतं ते जून ते सप्टेंबर, आणि नेमकी तेव्हाच जमीन मऊ असते. स्टिअरिंगवाला लॉन ट्रॅक्टर साधारण २०० किलोच्या आसपास भरतो, वर तुम्ही. ओल्या मातीत त्याच्या चाकांचे चर पडतात, पाऊस गेला की तेच चर वाळून कडक होतात, आणि मग डिसेंबरात त्याच चरांवरून मोवर नेताना तुमचीच पाठ आदळते. लोक मशीनला नावं ठेवतात, पण त्यात मशीनचा काय दोष.

आता तुमच्या जागेचे तीन तुकडे वेगळे करून बघू, कारण पत्रात तुम्ही सगळं एकत्र धरलंय.

मागचा काजूचा उतार विसरून जा. कुठलाही रायडिंग मोवर तिथे न्यायचा नाही. बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर चालवू नका असं लिहिलेलं असतं. मोजायचं असेल तर एक मीटर लांब सरळ फळी घ्या, वरचं टोक जमिनीला टेकवा, गवंड्याची लेव्हल ठेवून फळी आडवी करा आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. २७ सेंटीमीटर आलं की १५ अंश झाले. ओलं गवत असेल तर त्याच्या खूप आधीच थांबायचं, विशेषतः झिरो-टर्न, कारण त्याचं वळणं आणि ब्रेक सगळं मागच्या दोन चाकांवर असतं, पुढची नुसती मोकळी फिरतात, आणि मागची चाकं घसरली की गाडी तुमच्या हातात राहत नाही. उतारावर मोवर उलटून माणसं दगावल्याच्या घटना तिकडे अमेरिकेत घडतात, म्हणूनच मोठ्या झिरो-टर्नवर मागे लोखंडी रोलबार आणि पट्टा असतो. तुमच्या मुलाला हे माहीत असेल, पण त्याने तुमचा काजूचा उतार बघितलाय तो लहानपणचा, मशीन डोक्यात ठेवून नाही.

भाटात मोवरची गरजच नाही असं माझं मत. तिथे गवत बोटभर ठेवायचंय कशाला? नारळ काढणारा पाडेली येईल तेव्हा त्याला खाली नारळ दिसले पाहिजेत आणि तुम्हाला साप दिसला पाहिजे, एवढंच. वर्षाला दोन बेणण्या, म्हणजे दोनदा गवत-रान साफ करणं, पुरतात, एक चवथीच्या आधी आणि दुसरी पाऊस संपल्यावर, गवत वाळून आगीची भीती सुरू व्हायच्या आत. काजूलाही तेच, म्हणजे मार्चपासून बोंडू पडायला लागले की वेचायला जमीन मोकळी मिळते. कापलेलं गवत बाहेर काढू नका, माडांच्या आळ्यात घाला, ओल टिकते आणि ओझी उचलायचा त्रास वाचतो. ज्यांना तेवढंही नको त्यांनी माडाखाली प्युरेरियासारखा आच्छादनाचा वेल लावायचा विचार करावा, त्याने गवत दबतं आणि नत्रही मिळतं, फक्त तो बुंध्यावर चढायला लागला की ओढून खाली घ्यावा लागतो. त्याची माहिती जुने गोव्याला एलाच्या आयसीएआर कृषी संशोधन संस्थेत किंवा तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात मिळेल. कृषी कार्ड असेल तर तिथेच यंत्रांच्या अनुदानाचंही विचारून या.

राहिली पुढची नऊशे मीटर हिरवळ. खरा प्रश्न एवढ्याचाच आहे, आणि एवढ्यासाठी हिशोब करून बघा. २१ इंची सेल्फ-प्रोपेल्ड लॉनमोवर, म्हणजे चाकं स्वतः फिरतात आणि आपण फक्त मागे चालायचं, तो एका फेरीत अर्धा मीटर पट्टा कापतो. आरामात चाललात तर वळणं धरून नऊशे मीटरला साधारण पाऊण तास. ४२ इंची रायडिंग मोवरला तेच काम वीसेक मिनिटांचं, त्यातही झाडांभोवती फिरावं लागलं तर जास्त. म्हणजे वाचले किती, तर आठवड्याला पंचवीस मिनिटं, त्यासाठी काही लाख रुपये आणि पाठीवर वीस मिनिटं हादरे. आणि ती वाचलेली पंचवीस मिनिटं म्हणजे काय, तर चालणं, जे तुमच्या पाठीला मानवतं, ज्यासाठी तुम्ही सकाळी मुद्दाम उठून बाहेर जाता!

म्हणून तुमच्यासाठी माझा कल साफ सेल्फ-प्रोपेल्डकडे आहे. पण तो घेतानाही पाठीच्या नजरेने घ्यायचा. मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेला बघा, पुढच्या चाकांच्या ड्राइव्हवाल्याला वळवताना हँडल दाबून पुढचा भाग उचलायला लागतो, शिवाय चढावर त्याची पकड सुटते. हँडलची उंची तुमच्या कोपराच्या जरा खाली येईल अशी बसवता आली पाहिजे, नाहीतर पाऊण तास वाकून चालाल आणि मग दोष मला द्याल. वेग कमीजास्त करता यायला हवा, मशीन तुम्हाला ओढत नेतंय असं होता कामा नये. आणि स्टार्ट बटणाचा घ्या, मग तो बॅटरीवरचा असो की सेल्फवाला पेट्रोल. दोरी ओढून स्टार्ट करताना वाकलेल्या कमरेतून एकदम पीळ बसतो, तो झटका गादीला नको असतो, ग्रास कटरने तुमचं जे होतं त्यातही तो दोरीचा वाटा असणार, बाकीचं त्याचं सात-आठ किलो वजन आणि डावी-उजवीकडे कमरेतून फिरणं. ग्रास कटर तुम्ही आता हातात घेऊ नका, अगदी कडेचं गवत काढायलासुद्धा.

गवत गोळा करायची पिशवी काढून ठेवा. ओल्या गवताची भरलेली पिशवी वाकून काढायची, उचलायची, नेऊन ओतायची, पाठ तिथेच जाते, कापताना नाही. मल्चिंग ब्लेड असेल तर गवत बारीक होऊन तिथेच पडतं. त्यासाठी मात्र एका वेळी गवताच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापायचं नाही, म्हणजे पावसात उघडीप बघून आठवड्याला एकदा फिरवायलाच लागतो. महिनाभर सोडून दिलात तर मोवर गुदमरतो आणि ढकलायला तुम्ही.

आणि नऊशे मीटर हिरवळ पाहिजेच का, हाही विचार करा. आंब्याच्या सावलीत लॉन कधी धड येत नाही, तिथे चिऱ्यांची पायवाट आणि खडी टाका. गडग्याच्या कडेने मीटरभर पट्ट्यात अबोली, जास्वंद, केळी लावा, म्हणजे भिंतीला चिकटून कापायचा त्रासच राहत नाही. पाचशे-सहाशे मीटर राहिलं तर अर्ध्या तासाचं काम उरतं.

एवढं सगळं ऐकूनही तुमचा जीव रायडिंग मोवरवरच असेल, किंवा वाचणाऱ्यांपैकी कोणाची पाठ दुसऱ्या प्रकारची असेल, होमस्टेचं चार-पाच हजार मीटर सपाट मैदान असेल, तर त्यांच्यासाठीही नीट सांगते, कारण अशांना चुकीचं मशीन गळ्यात पडलं तर वाईट वाटतं.

इंजिन किती एचपी ते शेवटी बघा, आधी सीट. खांद्यापर्यंत पाठ टेकेल अशी उंच सीट, खाली स्प्रिंगचं सस्पेन्शन आणि ते आपल्या वजनाप्रमाणे घट्ट-सैल करता येणारं, हात टेकायला आर्मरेस्ट, पुढे-मागे सरकणारी. पेडलवर पाय ठेवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे आणि पाठ टेक्याला लागलेली, पाय ताणायला लागला की कंबर पुढे घसरते. काही कंपन्यांनी यावर पुढे जाऊन काम केलंय, टोरोच्या मायराइडमध्ये सीट आणि पाय ठेवायची फळी मिळून सगळाच भाग सस्पेन्शनवर असतो, फेरिसच्या मशीनना तर चाकांनाच सस्पेन्शन असतं. पण ही मशीन तिकडची, इथे मागवायची तर पार्ट आणि मेकॅनिकचा विचार आधी. साध्या मोवरलाही चांगली सस्पेन्शन सीट बदलून बसवता येते, आणि कितीतरी वेळा महागडं मशीन घेण्यापेक्षा तेच शहाणपणाचं असतं.

झिरो-टर्न की स्टिअरिंग, यात मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. झिरो-टर्न जागच्या जागी फिरतो, त्यामुळे रिव्हर्स कमी आणि मागे वळून बघणं कमी, हे पाठीला चांगलं. पण त्याला स्टिअरिंग नाही, दोन दांडे असतात, ते धरून अंग सावरता येत नाही, उलट, धक्का बसला की हात हलतो आणि गाडीच झटका खाते, मग अजून एक धक्का. नवशिक्याला पहिले काही दिवस हे होतंच. स्टिअरिंगवर हात टेकलेले राहतात, अंग स्थिर राहतं, पण झाडांभोवती पुढे-मागे करत बसावं लागतं. सपाट, मोकळी जागा आणि कमजोर पाठ असेल तर मी स्टिअरिंगवालाच सुचवीन, त्यातही गिअरचा नको, हायड्रोस्टॅटिक घ्या, पेडल दाबलं की हळूच निघतो, क्लच सोडतानाचा हिसका नाही.

चढाय-उतरायला पाय किती उचलावा लागतो ते बघा, मधे खांब किंवा डेक, म्हणजे ब्लेडवरचं झाकण, आडवा येत असेल तर पाठ दुखत असलेल्या दिवशी ते कळेल. ब्लेडची उंची बदलायचा दांडा बसल्या बसल्या एका हाताने सहज उचलला गेला पाहिजे. डेक धुवायला पाइप जोडायची सोय हवीच, आपल्या पावसात ओलं गवत डेकखाली चिकटून थर बसतो आणि तो आडवं पडून खरवडायचं काम तुमचं नाही. टायरमध्ये हवा पंपवाल्याच्या अंदाजाने भरू नका, या टायरना साधारण १० ते १४ पीएसआय पुरते, मॅन्युअलमधला आकडा बघा, टणक टायर म्हणजे सगळे हादरे वर. बॅटरीवरच्या रायडिंग मोवरला इंजिनची थरथर नसते, ते छान वाटतं, पण खड्डा तो खड्डाच.

युरोपात विकल्या जाणाऱ्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये अंगाला बसणाऱ्या थरथरीचा आकडा छापलेला असतो. तिथल्या २००२ च्या नियमाप्रमाणे आठ तासांच्या सरासरीने ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेलं की मालकाने कामगारासाठी उपाय करायचे असतात आणि १.१५ च्या वर जायचंच नाही. तुम्ही आठ तास बसणार नाही, पण दोन मॉडेलांत निवडायचं असेल तर तो आकडा विक्रेत्याकडून मागा. कमी असेल तो बरा.

डेमो स्वतःच्या जागेत घ्या, शोरूमच्या फरशीवर नको. पूर्ण अर्धा तास चालवा, आणि त्या दिवशी पैसे देऊ नका. अशी पाठ बरेचदा लगेच बोलत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना बोलते, म्हणून निर्णय दुसऱ्या दिवशी. बेल्ट आणि ब्लेड गोव्यात मिळतात की बंगळूर-मुंबईहून यायला पंधरवडा लागतो, हेही तेव्हाच विचारा, ऐन श्रावणात बेल्ट तुटला तर चवथीला पाहुणे येईपर्यंत गवत कमरेला लागतं.

रोबो मोवरबद्दलही हल्ली लोक विचारतात. पूर्ण मोकळ्या, कुंपण घातलेल्या हिरवळीवर पाठवाल्यांसाठी तो उत्तमच, पण माडाखाली झावळ्या आणि नारळ पडत राहतात, ते उचलायला वाकायचं तुम्हालाच, आणि उपग्रहावर चालणारे रोबो दाट झाडांखाली चाचपडतात.

आता वेळ. उन्हाच्या आधी उरकू म्हणून आपण सगळे सकाळी सहा-साडेसहाला कामाला लागतो, पण गादीवाल्या पाठीला ती वेळ वाईट. रात्रभर आडवं झोपल्याने गाद्या पाणी धरून फुगलेल्या असतात आणि उठल्यावरच्या पहिल्या तासात वाकलं तर त्यांच्यावर ताण जास्त येतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सकाळी लवकर वाकणं टाळलेल्या लोकांची जुनी कंबरदुखी कमी झाल्याचं दिसलं होतं. शिवाय तेव्हा गवतावर दव असतं, पाय घसरतो, मशीनला गवत चिकटतं. तेव्हा सकाळी तुमचं चालणं, आणि मोवर चार-साडेचारनंतर. वीस मिनिटं झाली की थांबा, पाणी प्या, थोडं फिरा, मग पुढचं. गमबूट किंवा जाड बूट घाला आणि कापायच्या आधी काठी घेऊन हिरवळीवरून एक चक्कर मारा, दगड, करवंट्या, पडलेलं चुडत, सगळं बघून होतं, आणि पावसाळ्यात घोणस-फुरसं असलं तर तेही.

पाय जड होणं वाढून पाऊल उचलताना लटकायला लागलं, बैठकीची जागा बधिर झाली, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेल्यासारखं वाटलं तर मोवर, फिजिओ सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं, उद्यावर ढकलायचं नाही. हे सगळ्याच पाठवाल्यांना सांगतेय.

शेवटी तुमचं ते व्हरांड्याचं वाक्य. ते वाचून मला तुमच्याबद्दल आदरच वाटला. आयुष्यभर मुंबईत राहून माणूस गावी येतो तो जागेकडे नुसतं बघायला येत नाही. पण बायको म्हणते ते कंत्राट आणि तुम्ही म्हणता ते स्वतः करणं, यात एकच काहीतरी निवडायचं असं कोणी सांगितलं? भाट आणि काजू वर्षातून दोनदा कंत्राटावर द्या आणि तेव्हा बसून राहू नका, कुठलं रोप ठेवायचं, कुठलं काढायचं ते बरोबर फिरून दाखवा, ग्रास कटरवाल्याला काजूचं नवं रोप आणि रान यातला फरक कळेलच असं नाही, कितीतरी चांगली रोपं अशीच उडतात. तो कटर चालवत असताना मात्र लांब राहा, दगड उडतात. पुढची हिरवळ तुमची, तिच्यात दुसऱ्या कोणी हात घालायचा नाही. जो माणूस इतकी वर्षं यायचा आणि आता थकलाय, त्याला एकदा बोलवून चहा द्या आणि विचारा तुझ्या माहितीत कोण आहे, गावात तुमच्या जागेचे खड्डे आणि बिळं त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नसतील.

मुलाला सांगा की तुझे पैसे घेतो, पण त्यातून सेल्फ-प्रोपेल्ड मोवर, दोन्ही बेणण्यांची मजुरी आणि हिरवळ सपाट करून घ्यायचा खर्च निघेल. हे शेवटचं काम मे महिन्यात करा, जमीन कोरडी असते तेव्हा खड्डे नीट दिसतात, माती भरून दाबून घ्या, पहिल्या पावसाने ती खाली बसते तेव्हा परत एकदा भरा. वर्षभर असं करून बघा. पुढच्या वर्षी पायाचं जड होणं कमी असेल, जमीन सपाट झालेली असेल आणि तरीही बसून चालवायचा मोवर हवासा वाटला, तर चांगली सीट असलेल्या स्टिअरिंगवाल्याचा डेमो घरी मागवा, वहिनींनाही त्या वेळी बाहेर बोलवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कसा होता ते मला कळवा, म्हणजे पुढचं ठरवायला बरं पडेल.